पॅलेस्टाईनमधील पारंपरिक ऑलिव्ह तेल

पॅलेस्टाईनच्या डोंगराळ पट्ट्यात, मुख्यतः नाब्लुस, जेनिन, सल्फीत आणि रामल्ला परिसरात, ऑलिव्हची फळे हाताने उतरवून दगडी घाण्यात तेल काढण्याची रीत विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती. इथली झाडे बहुतांशी पावसाच्या पाण्यावर वाढणारी, दगडी ताली घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांतली. अशा पायऱ्यांसाठी बत्तीर हे गाव २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पहिल्या पावसाने फळांवरची धूळ धुऊन निघाली की तोडणीला हात घालायचा, असा जुना शिरस्ता. मजूर लावण्यापेक्षा नातलग आणि शेजारी सावडीने एकमेकांची झाडे उतरवून देत; याला 'औना' म्हणतात. पुरुष शिडी लावून किंवा झाडावर चढून फळे ओरबाडत, उंच फांद्या काठीने झोडत. बायका-मुले खाली पडलेली फळे वेचत. काम काठीने झपाट्याने उरके, पण कोवळे फुटवे मोडत, आणि पुढच्या वर्षीचे फळ धरते ते त्याच फुटव्यांवर. एक वर्षाआड भरघोस बहर हा ऑलिव्हचा स्वभावच. त्यात या झोडपणीची भर पडे.

घाण्याला 'बद्द' म्हणत. गोल दगडी कुंडात उभे जाते फिरे, ते ओढायला खेचर, गाढव किंवा उंट. तीळ-शेंगदाण्याच्या घाण्यात बी दाबले की तेलच सुटते. ऑलिव्ह हे रसाळ फळ असल्याने तेलाबरोबर कडू, काळपट पाणीही निघते. म्हणून चेचलेला लगदा विणलेल्या गोल पिशव्यांत भरून त्यांची चवड तुळईच्या किंवा मळसूत्री दाबाखाली ठेवत. गळलेला रस हौदात निवला की तेल वर तरंगे आणि ते अलगद काढून घेत. साधारण चार-पाच किलो फळांना किलोभर तेल पडे. घाणेवाल्याची मजुरी बहुधा तेलातच चुकती होई.

जुने ते अस्सल, हे मात्र इथे सरसकट खरे नाही. घाणे थोडे आणि हंगाम एकदमच, त्यामुळे पाळी येईपर्यंत फळांचे ढीग पडून राहत, आतून तापत आणि आंबत. अशा तेलाची आम्लता वाढे, वास उग्र होई. मात्र घशाला झोंबणारे ताजे तेल हे दोषाचे लक्षण नव्हे; ती झोंब फळातल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांची असते.

वाया काही जात नसे. कोरडा चोथा, म्हणजे 'जिफ्त', भाकरीच्या 'ताबून' भट्टीत जळणाला जाई. तेलाचा मोठा वाटा नाब्लुसच्या साबण कारखान्यांत खपे. तिथे तांब्याच्या कढईत तेल आणि क्षार शिजवून रटरटता साबण माडीवरच्या फरशीवर ओतत, निवल्यावर वड्या कापून छाप मारत आणि वारा खेळावा म्हणून पोकळ मनोऱ्यांसारख्या उतरंडी रचत. २०२४ मध्ये ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समाविष्ट झाली.

ब्रिटिश अमलात लोखंडी आणि पाण्याच्या दाबावर चालणारे दाबयंत्र आले, पुढे लगदा गरगर फिरवून तेल वेगळे करणाऱ्या गिरण्या आल्या. जनावरांचे घाणे बंद पडले. तोडणी आजही बऱ्याच अंशी हातानेच होते. पण २००२ पासून इस्रायलने उभारलेल्या भिंतीपलीकडे ज्यांची झाडे राहिली, त्यांना २०२३ पर्यंत तरी परवाना काढून ठरावीक दिवशीच फाटकातून शेतात जाता येई, आणि तोडणी कधी सुरू करायची हे तिथे आता पाऊस ठरवत नाही.