व्हिडिओ उतरवणारी ब्राउझर एक्स्टेन्शन

संकेतस्थळावर चालणारा व्हिडिओ फाइलच्या रूपात संगणकावर साठवून देणारी, ब्राउझरला जोडायची छोटी साधने. ती पडद्याचे चित्रण करत नाहीत. व्हिडिओचे तुकडे कोणत्या पत्त्यावरून येत आहेत हे ती पाहतात, तेच तुकडे पुन्हा मागवतात आणि एकामागे एक जोडतात. म्हणून प्रत मूळ प्रवाहाइतकीच स्वच्छ मिळते आणि तासाभराचा व्हिडिओ उतरायला बहुधा तास लागत नाही.

पूर्वी पानावर एकच एमपीफोर फाइल असे. उजवी कळ दाबून ‘सेव्ह’ म्हटले की काम संपे. आज तीच कळ दाबली तर पत्ता ‘ब्लॉब’ या शब्दाने सुरू होतो आणि हाती काही लागत नाही. ब्लॉब हा ब्राउझरच्या आतला तात्पुरता पत्ता आहे. पानावरचा प्लेअर मिळालेले तुकडे त्यात ओतत राहतो. तुकड्यांचे दोन प्रमुख प्रकार आहेत: ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश. दोन्हींत आधी एक यादी येते. एचएलएसमध्ये ती साध्या मजकुराची एमथ्रीयूएट फाइल असते, डॅशमध्ये एमपीडी. एचएलएसच्या मुख्य यादीत ३६०, ७२०, १०८० अशा दर्जांच्या उपयाद्यांचे पत्ते असतात आणि उपयादीत तुकड्यांचे. तुकडा सहा सेकंदांचा धरला तर तासाभराच्या व्हिडिओचे ६०० तुकडे होतात. आवाज वेगळा असेल तर त्याचे आणखी ६००. एक्स्टेन्शनला खरी गरज असते ती या यादीची, आणि पुढच्या बहुतेक अडचणी यादी चुकीची, अर्धवट किंवा शिळी मिळाल्याने येतात.

फायरफॉक्सवरचे ‘व्हिडिओ डाउनलोडहेल्पर’ हे या प्रकारातले जुने आणि परिचित उदाहरण. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली आणि नव्यांना संगणकावरचे इतर प्रोग्राम थेट चालवण्याची मुभा उरली नाही. त्यानंतर या साधनासोबत ‘कम्पॅनियन ॲप’ वेगळे बसवावे लागू लागले. तुकडे जोडण्याचे काम त्यातला एफएफएमपेग हा व्हिडिओ-आवाज हाताळणारा मोफत प्रोग्राम करतो. ॲप न बसवता ‘बटण दाबले तरी काही होत नाही’ ही नवख्यांची नेहमीची तक्रार. क्रोमच्या दुकानातली एक्स्टेन्शन गूगलच्या धोरणामुळे यूट्यूबवर काम करत नाहीत. तिथे ती बिघडलेली नसतात, मुद्दाम गप्प असतात.

वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. एक्स्टेन्शन बसवल्यावर पान पुन्हा उघडावे, कारण आधी येऊन गेलेली यादी त्याला दिसलेली नसते. व्हिडिओ सुरू करावा, जाहिरात संपू द्यावी, मूळ चित्र दिसू लागल्यावरच एक्स्टेन्शनच्या चिन्हावर टिचकी मारावी. समोर येणाऱ्या नोंदींतून लांबी आणि दर्जा पाहून निवड करावी. जागेचा अंदाज सोपा आहे: सेकंदाला २.५ मेगाबिटचा प्रवाह म्हणजे तासाला सुमारे १.१ गिगाबाइट. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ गिगाबाइटची फाइल त्यावर मावत नाही, मग जागा कितीही रिकामी असो.

फाइल काही किलोबाइटचीच निघाली, तर व्हिडिओऐवजी यादीच साठली आहे; नोटपॅडमध्ये उघडली की पत्त्यांच्या ओळी दिसतात. पंधरा-वीस सेकंदांचीच निघाली, तर बहुतेक जाहिरात पकडली गेली. चित्र आहे पण आवाज नाही, याचा अर्थ दोन्ही प्रवाह वेगळे होते आणि एकच घेतला. दुसरा उतरवून एफएफएमपेगने जोडावा. जोडताना ‘कॉपी’ हा पर्याय द्यावा, म्हणजे पुन्हा एन्कोडिंग (व्हिडिओ नव्याने दाबून लिहिणे) होत नाही, दर्जा घसरत नाही आणि काम लवकर उरकते. व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते पण पुढे-मागे सरकत नाही अशी फाइल म्हणजे बहुधा एमपीफोर हे नाव लावलेले टीएस या प्रक्षेपणाच्या साच्यातले कच्चे तुकडे असतात. तिलाही कॉपी पर्यायाने नवे वेष्टन चढवले की पुरते.

४०३, म्हणजे सर्व्हरने परवानगी नाकारल्याची त्रुटी, सर्वांत चिवट. अनेक सेवा पत्त्यातच मुदतीची सही घालतात. सकाळी टिपून ठेवलेला पत्ता संध्याकाळी निरुपयोगी ठरतो. काही सर्व्हर विनंती कोणत्या पानावरून आली हे तपासतात, काहींना लॉगिनची कुकी लागते. पान ताजे करून लगेच उतरवणे हाच पहिला उपाय. एकाच वेळी फार तुकडे मागितले तर सर्व्हर मधले काही नाकारतो, आणि मग त्या जागी चित्र अडखळते किंवा आवाज मागेपुढे होतो. अशा वेळी समांतर जोडण्या कमी कराव्यात. थेट प्रक्षेपणाच्या यादीला शेवट नसतो; उतरवणे आपणच थांबवावे लागते आणि आधी होऊन गेलेला भाग सहसा मिळत नाही.

सशुल्क चित्रपट-मालिकांच्या सेवा वाइडवाइन, प्लेरेडी किंवा फेअरप्ले या डीआरएम, म्हणजे व्हिडिओला डिजिटल कुलूप लावणाऱ्या, पद्धती वापरतात. तुकडे उतरले तरी ते कुलूपबंद असतात आणि किल्ली एक्स्टेन्शनच्या हाती येत नाही. ‘कुठलाही ओटीटी चालतो’ असा दावा करणाऱ्या एक्स्टेन्शनपासून दूर राहावे. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कुलूप नसलेल्या व्हिडिओलाही सेवेच्या अटी लागू असतातच. विकिमीडिया कॉमन्स आणि इंटरनेट अर्काइव्हवर उतरवण्याची सोय पानावरच असते. तिथे एक्स्टेन्शन म्हणजे उगाचच खटाटोप.

प्रत्येक पानावरची माहिती वाचण्याची परवानगी दिल्याशिवाय ही साधने चालत नाहीत, आणि धोका तिथेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये अव्हास्ट या संगणक-सुरक्षा कंपनीने क्रोम व एजवरची २८ घातक एक्स्टेन्शन उघड केली. त्यांत फेसबुक व व्हिमिओचे व्हिडिओ उतरवणारी होती. काम झाले की एक्स्टेन्शन बंद ठेवावे, किंवा त्यासाठी वेगळे प्रोफाइल करून त्यात बँकेचे लॉगिन करू नये.

मराठी शीर्षकांची एक खास अडचण लिनक्सवर येते. तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, हलन्त धरून, तीन बाइट घेते. एकटा ‘महाराष्ट्र’ हा शब्द ३० बाइट खातो. त्यामुळे कीर्तनाचे किंवा व्याख्यानाचे लांबलचक शीर्षक जसेच्या तसे नाव म्हणून घेतले की ८५ चिन्हांच्या आतच मर्यादा गाठली जाते आणि फाइल लिहिलीच जात नाही. विंडोजवर तेच नाव सहसा चालते, मात्र त्यातले प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे कोलन आणि उभी रेघ ही चिन्हे काढावी लागतात.