साप दूध पितो, हे किती खरं?

श्रावण आला की घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो: नागाला दूध पाजा, ते त्याला मानवतं. त्यामागे मनापासूनची श्रद्धा असते. म्हणूनच खरं काय ते नीट सांगायला हवं.

साप सरपटणारा प्राणी. त्याच्या पिल्लाला आईचं दूध कधी मिळतच नाही, त्यामुळे दूध पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात नसते. मग टोपलीतला नाग पितो कसा? बहुतेकदा त्याला दिवसचे दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते द्रव पितो. जबरदस्तीने पाजलं तर दूध श्वासनलिकेत शिरून न्यूमोनिया होऊ शकतो.

पोटाचा त्रास वेगळाच. सापांमध्ये आतड्याला सूज आणणारे विषाणूही असतात, उदाहरणार्थ अॅडिनोव्हायरस. दाटीवाटीत, घाणीत ठेवलेल्या सापांत असे संसर्ग सहज पसरतात. साप भक्ष्य ओकतो, पातळ शी करतो, झपाट्याने वाळतो. पण हीच लक्षणं जंतांमुळे किंवा इतर परजीवींमुळेही दिसतात, म्हणून नेमकं कारण प्राण्यांच्या डॉक्टरांनी शी तपासल्यावरच कळतं. दूध त्यावर औषध नाही. आधीच बिघडलेलं पोट त्याने आणखी बिघडतं.

पडताळायचंय? दारात आलेल्या गारुड्याच्या टोपलीत पाण्याची वाटी दिसते का, बघा. नागाच्या ओठांवर टाक्याच्या खुणाही शोधा. कधी कधी तोंड शिवलेलं असतं. नाग पकडून बाळगणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा असा नाग दिसला तर वनखात्याला कळवा.