विसार देण्याआधी : पहिल्यांदाच प्लॉट-फ्लॅटमध्ये पैसे घालणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या छोट्या कार्यालयात येणारे पुष्कळ ग्राहक विसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देऊन मगच येतात. पावती टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "आता कर्जाचं बघायचं का?" मागच्या पावसाळ्यानंतर एक गृहस्थ असेच आले होते. दोन लाख दिलेले, पावती साध्या कागदावर. बँकेच्या वकिलाने कागदपत्रे नाकारली आणि विकणाऱ्याने पैसे परत द्यायला नकार दिला. पावतीवर कर्जाबद्दल एक ओळही नव्हती. त्यानंतर हे पत्रक लिहायचे ठरवले.

भाड्यात हप्ता निघेल का?

सहसा नाही. समजा, 30 लाखांचा फ्लॅट, 24 लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षे मुदत. हप्ता येतो सुमारे 21,600 रुपये. पहिल्या हप्त्यातले 18,000 व्याजातच जातात, मुद्दल फिटते जेमतेम 3,600. भाडे 9,000 धरले तर दरमहा 12,600 रुपये तुमच्या खिशातून. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे रिकामे महिने यात धरलेलेच नाहीत. ही रक्कम पाच-सात वर्षे पगारातून किंवा दुकानातून ओढाताण न होता निघणार असेल तरच पुढचे बोलू. भाव वाढतोही, पण हप्ता थकल्यामुळे घाईने विकणाऱ्याला तो मिळत नाही.

हातात किती रक्कम हवी?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के रक्कम मिळू शकते. ही कमाल मर्यादा आहे. बँक कमीही देते. मोकळ्या प्लॉटला तर आणखी कमी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तुमचीच. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत शुल्क साधारण 6 टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास 1 टक्का सवलत. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. शुल्क लागते ते करारातील किंमत आणि रेडीरेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर. म्हणजे वरच्या उदाहरणात 6 लाख आणि वर 2 लाख 10 हजार, असे 8 लाखांहून जास्त पैसे तुमचे हवेत.

हे पैसे हातउसने आणू नका. "शेकडा तीन" ऐकायला थोडे वाटते. ते महिन्याचे असते, वर्षाला 36 टक्के होतात. बँकेचा हप्ता आणि शेकड्याचे व्याज एकाच वेळी भरताना घरातले दागिने गेलेले आम्ही पाहिले आहेत.

"थोडे रोखीत द्या" असे विकणारा म्हणाला तर नाही म्हणा. कागदावर नसलेल्या रकमेवर बँक कर्ज देत नाही आणि मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

विसार पावतीत काय लिहून घ्यावे?

आधी बँकेकडून तुम्हाला किती कर्ज बसते ते लेखी घ्या, मग भाव करा. पावतीत गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, ठरलेली पूर्ण किंमत, चेक नंबर आणि खरेदीखताची मुदत हवी. मुदत तीन महिन्यांची मागा. बँकेचा टायटल सर्च (मालकी हक्काच्या कागदांची तपासणी) आणि मूल्यांकन महिन्यात उरकेल असे धरून चालू नका. आणि हे वाक्य हवेच : "बँकेने कर्ज नामंजूर केल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल." विकणारा या वाक्याला अडला तर का अडतो ते आधी शोधा.

सह्या सगळ्या मालकांच्या घ्या. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतात आणि भाऊ म्हणतो, "त्यांचं मी बघतो." त्या बहिणी सहीला येईपर्यंत थांबा.

सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात बोजा (कर्जाची नोंद) असेल, किंवा फ्लॅटवर जुने कर्ज असेल, तर व्यवहार सोडायची गरज नाही. येणे बाकीचे पत्र मागा, तेवढी रक्कम थेट त्या बँकेच्या किंवा सोसायटीच्या खात्यात भरा, उरलेली विकणाऱ्याला द्या. बोजा उतरल्याचा फेरफार (तलाठ्याकडची बदलाची नोंद) हातात घ्या.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी पाहा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

गुंठेवारी आणि पूररेषा

आपल्या शहरात गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट स्वस्त दिसतात. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसेल तर बँक सहसा दारात उभे करत नाही, आणि पुढे तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हीच अडचण येते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी 45 आहे. निळ्या (नदीजवळच्या) पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, निळ्या आणि लाल (त्याबाहेरच्या) रेषेच्या मध्ये अटी लागतात. नकाशा पाहाच, शिवाय शेजारच्या घरात जाऊन विचारा, पाणी कुठवर आले होते. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

कर्ज लवकर फेडले तर?

वैयक्तिक, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. वरच्या उदाहरणात वर्षाला एक हप्ता जादा भरला तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते.

पावतीचा मसुदा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या आधीच्या व्यवहाराचा उतारा) आणि तुमचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट घेऊन या. सही करण्याच्या आदल्या दिवशी आलात तरी चालेल.