हृद्‌स्नायूंची मांडणी

हृदयाच्या भिंतीतील स्नायुतंतूंची ठेवण व तिचा रक्त पुढे ढकलण्याच्या कार्याशी असलेला संबंध. अलिंदांचे (कर्णिकांचे) काम रक्त निलयांत (जवनिकांत) सोडण्यापुरते असल्याने त्यांच्या भिंती पातळ असतात. उजवे निलय रक्त जवळच्या फुप्फुसांकडे धाडते, त्यासाठी सु. २५ मिमी. (पारा) दाब पुरतो. डाव्या निलयाला साऱ्या शरीरासाठी सु. १२० मिमी. दाब निर्माण करावा लागतो आणि त्याची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट, सु. १ सेंमी. जाड असते. रक्त मात्र दोन्हीकडून सारखेच बाहेर पडते : दर ठोक्याला सु. ७० मिलि.

केवळ जाडीने उलगडा होत नाही. आकुंचनात स्नायुपेशी जेमतेम १५ टक्के आखूड होते, तरी निरोगी डावे निलय त्यातील सु. ६० टक्के रक्त बाहेर टाकते. हे साधते ते तंतूंच्या दिशेमुळे. आतल्या थरातील तंतू एका दिशेने, बाहेरच्या थरातील उलट दिशेने मळसूत्री वळणे घेतात. मधले जवळजवळ आडवे असतात. आकुंचनात हृदयाचे टोक व तळ परस्परविरुद्ध फिरतात आणि ओले कापड पिळावे तसे निलय पिळले जाते. भिंत आतल्या बाजूस फुगून पोकळी आणखी आक्रसते. हा पीळ सुटताना आतला दाब झपाट्याने उतरतो व अलिंदातील रक्त ओढले जाते. भरणे ही निष्क्रिय क्रिया नव्हे, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते.

तंतूंच्या वळणांची नोंद इंग्रज वैद्य रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्ये केली होती. तंतूंच्या मांडणीबद्दल मात्र अद्याप मतभेद आहेत. स्पॅनिश संशोधक फ्रान्सिस्को तोरेंत-ग्वास्प यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे प्रतिपादिले, की दोन्ही निलये म्हणजे फुप्फुस रोहिणीच्या मुळापासून महारोहिणीच्या मुळापर्यंत गुंडाळलेली एकच स्नायुपट्टी होय. शिजवलेले हृदय त्यांनी तसे उलगडूनही दाखविले. आक्षेप असा, की स्नायुपेशींना फाटे असतात व त्या शेजारच्या पेशींशी सर्व बाजूंनी जोडलेल्या असतात. पट्टीला सीमा ठरविणारे संयोजी ऊतकाचे आवरण आढळत नाही. त्यामुळे पट्टी विच्छेदकाच्या हाताने घडते, असे म्हणावे लागते. सूक्ष्मदर्शकीय पुरावा पाहता त्रिमितीय जाळ्याची कल्पना अधिक ग्राह्य वाटते. मळसूत्री दिशा दोन्ही पक्षांना मान्य आहे.

अलिंदे व निलये यांच्यामधील तंतुमय कडी विद्युत्‌रोधक असतात. त्यामुळे आकुंचन घडविणारा विद्युत् आवेग एकाच वाटेने, सु. ०·१ सेकंद थबकून, निलयांत उतरतो आणि तोवर अलिंदे रिकामी होतात.