चाबकाचा अतिवापर आणि जॉकीवरची कारवाई (घोड्यांची शर्यत)

घोड्यांच्या शर्यतीत जॉकीने, म्हणजे घोड्यावरच्या स्वाराने, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेळा चाबूक चालवला, किंवा नको त्या जागी, नको त्या पद्धतीने चालवला तर त्याच्यावर कारवाई होते. दंड, काही दिवसांची रेसबंदी, बक्षिसातला वाटा कापणे, आणि अलीकडे काही देशांत घोड्याचा नंबरच काढून घेणे, असे त्याचे प्रकार. खान्देशात रेसकोर्स नाही, जवळचं म्हणायचं तर पुणे नाहीतर मुंबईचं महालक्ष्मी, त्यामुळे जॉकी, स्टुअर्ड वगैरे मंडळी आपल्याला टीव्हीवरच दिसतात. पण घोडा मात्र आपल्याकडे भरपूर आहे, दत्त जयंतीला सारंगखेड्याला जाऊन या म्हणजे कळेल, आणि तिथे घोडे पळवतातही, म्हणून हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

चाबूक कसला आणि मोजतात कसा

रेसच्या घोड्याला मारायचा चाबूक म्हणजे बैलगाडीवाल्याचा आसूड नव्हे. हल्ली बहुतेक देशांत गादीवाला चाबूकच चालतो, आत फायबरची काडी, तिच्यावर फोमचं जाड आवरण, टोकाला रुंद पट्टा. फटका बसला की आवाज मोठा येतो पण वळ उठू नये अशी त्याची बनावट. इंग्लंडात सपाट (अडथळे नसलेल्या) शर्यतीसाठी त्याची लांबी जास्तीत जास्त ७० सेंटीमीटर ठरवलेली आहे. तरी आवाजच होतो आणि घोड्याला काही लागतच नाही हे जॉकी लोकांचं म्हणणं काही पूर्ण पटण्यासारखं नाही. २०२० साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर वरच्या थरात वेदना कळवणारी मज्जातंतूंची टोकं दोघांतही सारखीच निघाली. जाड कातडीचा प्राणी म्हणून घोड्याला सोसतं, हा जुना समज तिथेच कोसळला.

मोजणीचं काम स्टुअर्ड करतात, म्हणजे रेसचे पंच. प्रत्येक शर्यतीचं शूटिंग तीन-चार बाजूंनी होतं, समोरून, बाजूने, मागून, आणि रेस झाली की ते हळू करून पुन्हा पुन्हा बघतात. फटका पुठ्ठ्यावर पडला का पोटावर, हात खांद्याच्या वर गेला का, दोन फटक्यांच्या मध्ये घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळ दिला का, घोडा थकून मागे पडलेला असताना मारला का, जिंकणार हे दिसत असतानाही मारला का, फिनिशची खूण पार केल्यावर मारला का, हे सगळं बघायचं. एखादा फटका घोड्याला लागला की नुसता हवेत गेला यावरच अर्धी भांडणं होतात. शिवाय रेसनंतर जनावरांचा डॉक्टर घोड्याच्या अंगावर वळ आहेत का बघतो, आणि वळ दिसला तर आकडा मर्यादेत असूनही जॉकी अडकू शकतो.

इंग्लंडातला घोळ

नियम सर्वात जास्त वेळा बदलले ते इंग्लंडात, आणि शिकण्यासारखंही तिथेच जास्त आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्रँड नॅशनल ही जगप्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत बॅलाब्रिग्ज नावाच्या घोड्याने जिंकली. रेस संपल्या संपल्या जॉकी जेसन मॅग्वायरला खाली उतरावं लागलं कारण घोडा पार गळून गेला होता, त्याला पाणी मारायची पाळी आली. मॅग्वायरला चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांची बंदी झाली. घोड्याचं पहिलं बक्षीस? ते जागच्या जागी राहिलं. मालक खूश, ट्रेनर खूश, जॉकी पाच दिवस घरी. एवढ्या मोठ्या रेससाठी पाच दिवस घरी बसायला कोण नाही म्हणेल.

लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवीन नियम आला, सपाट शर्यतीत जास्तीत जास्त ७ फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत ८, आणि सपाट शर्यतीच्या शेवटच्या फर्लांगात (सुमारे २०० मीटर) ५ च्या वर नाही. नियम लागू होऊन आठवडाही झाला नसेल तेवढ्यात क्रिस्तोफ सुमियों या बेल्जियन जॉकीने १५ ऑक्टोबरला चॅम्पियन स्टेक्स जिंकली आणि शेवटच्या फर्लांगात एकच फटका जास्त मारला, तर त्याच्या वाट्याचे सुमारे ५० हजार पौंड गेले आणि वर बंदी. जॉकी मंडळी भडकली, संपाची भाषा सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत शेवटच्या फर्लांगाचा वेगळा आकडा काढून टाकावा लागला. इथेही गंमत बघा, शिक्षा झाली ती जॉकीला, घोडा मात्र विजेता तो विजेताच.

पुढे २०२२ मध्ये एका समितीने वीस शिफारशी केल्या, त्यात चाबूक फक्त उलट्या हाताने मारायचा अशीही एक होती, कारण तसा मारला तर जोर कमी लागतो. जॉकींनी ते हाताला झेपणार नाही म्हणून अडवून धरलं, शेवटी जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली आणि बदल्यात आकडा एकाने खाली आला, सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या ७. पण खरा दणका दुसराच होता. मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त फटके जादा पडले तर घोडाच बाद. मोठ्या दर्जाच्या रेसमध्ये बंदीचे दिवस दुप्पट. निकालही मैदानावरच्या स्टुअर्डांकडून काढून घेतला आणि दर आठवड्याला बसणाऱ्या वेगळ्या समितीकडे दिला.

या नियमाची कसोटी ऑक्टोबर २०२४ च्या सिझॅरेविच रेसमध्ये लागली. अल्फॉन्स ल ग्रांद हा घोडा पहिला आला, जॉकीने दहा फटके मारले असं समितीने मोजलं, म्हणजे सहाच्या वर चार, आणि घोडा बाद, दुसऱ्या नंबरचा मॅन्क्समन विजेता. मालकाकडच्यांनी अपील केलं आणि पुढच्या महिन्यात अपील मंडळाने त्यातला एक फटका मोजायचा नाही असं ठरवलं, घोड्याला विजय परत मिळाला. लाखो रुपयांचं बक्षीस एका फटक्याच्या मोजणीवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. पण माझ्या मते कायद्याला खरा दात आला तो इथेच, कारण आता मालक आणि ट्रेनर स्वतःच जॉकीला बजावून पाठवतात की बाबा मोजून मार. आधी हेच लोक "जिंकून ये, बंदीचं बघू" म्हणायचे.

बाकी जगात

नॉर्वेने १९८२ मध्येच घोड्याला पळवण्यासाठी चाबूक मारणं बंद केलं, स्वीडनने २०२२ मध्ये. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक राज्याचा वेगळा कारभार होता, २०२२ च्या जुलैपासून बहुतेक राज्यांसाठी एक नियम आला, ६ फटके, सलग दोनच्या वर नाही, आणि चार किंवा जास्त जादा पडले तर घोड्याचं बक्षीस जातं. न्यू जर्सी हे राज्य त्याआधीच पुढे गेलं होतं, तिथे २०२१ मध्ये चाबूक फक्त सुरक्षेसाठी ठेवला होता.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा वेगळी. शेवटचे १०० मीटर लागेपर्यंत फक्त ५ फटके, ते पण लागोपाठच्या ढांगांत नाही, आणि शेवटच्या १०० मीटरला मात्र जॉकीच्या मर्जीवर. म्हणजे घोडा जिथे सगळ्यात जास्त दमलेला तिथेच मोकळीक, हे काही डोक्यात बसत नाही. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये दुसरा आलेल्या टायगर मॉथवरच्या केरिन मॅकएव्हॉयने त्या १०० मीटरच्या आधी १३ फटके मारले, त्याला ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड आणि १३ मीटिंगची (रेसच्या दिवसांची) बंदी. घोड्याचा दुसरा नंबर कायम.

मारल्याने घोडा जोरात पळतो का, हाही प्रश्न याच देशात तपासला गेला. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असं निघालं की घोडे सर्वात वेगात होते ते फिनिशच्या आधीच्या ६०० ते ४०० मीटरच्या टप्प्यात, जिथे चाबूक चाललाच नव्हता. शेवटच्या ४०० मीटरमध्ये चाबूक वाढत गेला आणि वेग कमी होत गेला. दमलेलं जनावर मारून पळत नाही हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

भारतातला नियम

आता ऐका, कागदावर बघितलं तर इंग्लंड-अमेरिकेपेक्षा आपला नियम कडक आहे. प्राण्यांच्या खेळांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारचे २००१ चे नियम आहेत, त्यात घोड्यांच्या शर्यतीबद्दल लिहिलंय की हवेच्या गादीचा, झटका शोषणारा चाबूकच वापरायचा, त्यावर शिवण किंवा उंचवटा नको, रेसच्या आधी तो तपासून घ्यायचा, आणि एका शर्यतीत घोड्याला तीनपेक्षा जास्त वेळा मारायचं नाही. तीन! इंग्लंडच्या बरोबर निम्मे. अंमल करायचा तो टर्फ क्लबांनी, म्हणजे शर्यती भरवणाऱ्या क्लबांनी, मुंबई-पुण्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, तसेच कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि चेन्नईचे क्लब. त्यांच्याकडे जॉकीचं लायसन असतं, आणि लायसन असलं की दंड करता येतो, निलंबन करता येतं, पुन्हा पुन्हा केलं तर घरी बसवता येतं. प्राणीमित्र संस्था मात्र वर्षानुवर्षं तक्रार करत आल्यात की तीनचा आकडा ओलांडला जातो आणि शिक्षा किरकोळ होते.

याच्या मागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला मारहाण हा त्यात गुन्हाच, पण शिक्षा वाचली तर हसू येतं, पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड, तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पन्नास रुपयांत आज जळगावात भरीत-भाकरीचं ताट पण येत नाही. जनावर मारून टाकलं किंवा कायमचं निकामी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत.

खान्देशात

शहादा-दोंडाईचा रस्त्यावर, तापीच्या काठी सारंगखेडा आहे, नंदुरबार जिल्ह्यात. तिथे एकमुखी दत्ताचं मंदिर, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होणारी यात्रा घोडेबाजारासाठी देशभर माहीत आहे. मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात, अलीकडे चेतक फेस्टिव्हल या नावाने सरकारी पर्यटन खात्याचा हातही लागलाय. घोड्यांची नाचकामाची स्पर्धा होते, रेवाल चालीची होते, पळवायची पण होते. घोडा घेणारा जाणकार माणूस भोवरे बघतो, दात बघतो, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का बघतो, आणि मालक बोलण्यात गुंतलेला असताना हळूच पुठ्ठ्यावरून आणि मांडीवरून उलट्या केसांनी हात फिरवतो, जुना वळ असेल तर बोटाला लागतो. मार खाल्लेला घोडा हात लावला की अंग चोरतो, मग भाव तिथेच पडतो. रेसकोर्सचा डॉक्टर करतो तीच तपासणी, फक्त इथे ती खिशातल्या पैशासाठी होते.

पण पळवायच्या स्पर्धेत टर्फ क्लबची शिक्षा इथे चालत नाही, ती कशी चालणार? घोड्यावर बसणारा पोरगा बहुतेक मालकाच्या घरचा नाहीतर त्याच्याकडे कामाला असलेला, त्याच्याकडे लायसन नाही, तर निलंबित काय करणार. चारी बाजूंनी कॅमेरे नाहीत, पाच-पन्नास मोबाइलवर शूटिंग होतं पण फटके मोजायला कुणी बसत नाही. उरतो तो १९६० चा कायदा, म्हणजे पन्नास रुपये, आणि आयोजकांची इच्छा.

बैलांच्या बाबतीत मात्र आपल्याच राज्यात उलटी गोष्ट झालीय. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, मग कोर्टकचेरी, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. त्या नियमांत १००० मीटरच्या पुढे पळवायचं नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांतलं काहीच वापरायचं नाही. बैलाला इजा झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायद्याने धुळ्याच्या बैलाला एकही फटका नाही, महालक्ष्मीच्या घोड्याला तीन, आणि यात्रेतल्या घोड्याचे मोजायला माणूसच नाही.

यात्रेत करता येण्यासारखं नाही असं नाही. आयोजक बक्षीस देतात तेव्हा नियमही तेच ठरवतात, आणि लायसन नसलं तरी बक्षीस थांबवणं त्यांच्या हातात आहे. जादा चाबूक दिसला की घोडा बाद, हे लाऊडस्पीकरवरून आधीच सांगितलं आणि फिनिशच्या आधीच्या शे-दीडशे मीटरला दोन पंच मोबाइल घेऊन उभे केले की लायसनची गरज पडत नाही. मारायचं की नाही हे बसलेला पोरगा नव्हे, काठावर उभा असलेला मालक ठरवतो, आणि मालकाला बंदी कळत नाही, गेलेलं बक्षीस कळतं.