मॅनेजर बदलला की हरणारा संघ जिंकू लागतो का?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये संघ सतत हरू लागला की मॅनेजरला, म्हणजे मैदानावरील डावपेच ठरवणाऱ्या प्रमुखाला, हटवल्यास तो सावरतो, हा समज फार जुना आहे. त्यासाठी फिलाडेल्फिया फिलीजचा दाखला दिला जातो: जून २०२२ मध्ये २२ विजय, २९ पराभव अशा स्थितीत जो जिरार्डी यांच्या जागी रॉब थॉमसन आले आणि संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीपर्यंत, पोहोचला. दाखला खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

बाल्टिमोर ओरिओल्सने १९८८ मध्ये पहिले सहा सामने गमावताच कॅल रिपकन सीनियर यांना काढले. पण फ्रँक रॉबिन्सन यांच्यासारख्या थोर खेळाडूच्या हाताखालीही संघ आणखी १५ सामने सलग हरला आणि मोसमाअखेर त्याच्या नावावर १०७ पराभव जमा झाले. उलट वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१९ मध्ये १९ विजय, ३१ पराभव अशा सुरुवातीनंतरही डेव्ह मार्टिनेझ यांना कायम ठेवले आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळवले.

मॅनेजरला काढले जाते तेव्हा संघ बहुधा आपल्या कुवतीपेक्षाही वाईट खेळत असतो, त्यामुळे १६२ सामन्यांच्या मोसमात नंतरची बरीचशी सुधारणा एरवीही झाली असती. खेळाडूंची निवड, करार आणि अदलाबदल फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे संघाच्या व्यवस्थापनाच्या, हाती असते, पण तिथल्या बदलालाही वर्षे लागतात: ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसने २०११ च्या अखेरीस जेफ लुनाऊ यांना जनरल मॅनेजर, म्हणजे फ्रंट ऑफिसचे प्रमुख, नेमले, २०१३ मध्ये १११ सामने गमावले आणि विजेतेपद २०१७ मध्ये जिंकले, ज्यावर पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या चेंडूफेकीबाबतच्या गुप्त खुणा चोरल्याचा डाग लागला, हेही नोंदवले पाहिजे.