मरीन ड्राइव्ह: दिवे, भरती आणि निळी वेळ

मरीन ड्राइव्हचा ‘रात्रीचा’ चांगला फोटो रात्री निघत नाही, तो तिन्हीसांजेला निघतो. काळोख पूर्ण दाटला की दिवे आणि त्यांच्यामागचे आकाश यांच्या उजेडात इतका फरक पडतो की कॅमेऱ्याच्या सेन्सरला (प्रकाश टिपणाऱ्या चिपला) दोन्ही एकदम पेलत नाहीत. दिवे पांढरेफटक होतात आणि इमारतींच्या कडा काळ्या आकाशात हरवतात. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंश असतो तेव्हा मात्र आकाश आणि दिवे बरोबरीला येतात.

मुंबई १९ अक्षांशावर असल्याने इथे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. त्यामुळे ही निळी वेळ सूर्यास्तानंतर सुमारे १५ मिनिटांनी सुरू होते आणि ऋतूनुसार १७ ते १९ मिनिटांत संपते. या आकाशाचा गडद निळा रंग मुख्यतः ओझोनमुळे येतो. तिरपा सूर्यप्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करतो, त्यात नारिंगी-पिवळा भाग शोषला जातो आणि निळा उरतो.

उभे कुठे राहता यावरही वेळ ठरते. गिरगाव चौपाटीवरून नरिमन पॉइंटकडे पाहिले तर मागचे आकाश दक्षिणेचे, म्हणजे लवकर गडद होणारे. नरिमन पॉइंटवरून मलबार हिलकडे पाहिले तर मागे वायव्येची संधिप्रभा, ती जास्त वेळ टिकते. म्हणून चौपाटीवर असाल तर ट्रायपॉड सूर्यास्तालाच लावून ठेवा.

समुद्राचेही वेळापत्रक आहे, आणि पुष्कळ जण नेमके तेच पाहत नाहीत. कोकणातला जुना हिशेब इथे कामी येतो: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला ६, दशमीला साडेसात. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून अष्टमी साधावी. जूनमध्ये तो सव्वासातच्या पुढे जातो, तेव्हा दशमी. अष्टमीच्या सुमाराचे, म्हणजे भांगाचे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतके चढत नाही, पण निळ्या वेळेला भरलेले मिळते. अमावास्या-पौर्णिमेला नेमकी संध्याकाळी ओहोटी असते आणि चित्राच्या तळाशी उघडे टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे) येतात. त्या दिवशी चौपाटीवर जावे, ओल्या वाळूत प्रतिबिंब सुरेख मिळते. हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. पृष्ठभागाला १० अंशांच्या तिरक्या कोनात आलेल्यातला सुमारे ३५ टक्के होतो. दूरच्या दिव्यांची प्रतिबिंबे ठळक दिसतात ती यामुळे. प्रत्येक लाट दिव्याचा एक तुकडा दाखवते आणि लांब एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडे ठेवल्यावर) हे तुकडे जुळून उभा सोनेरी पट्टा तयार होतो. आमच्या मते ४ ते १० सेकंद पुरे. ३० सेकंदांत समुद्र नुसता दुधाळ होतो, त्याचा पोतच जातो.

सुरुवात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि ८ सेकंदांनी करा. आकाश गडद होत जाईल तसे सेकंद वाढवा, आयएसओ नव्हे. दिव्यांना किरणांचे तारे हवे असतील तर एफ/११ पर्यंत जा. छिद्राची पाती सम असतील तर पात्यांइतके किरण मिळतात, विषम असतील तर दुप्पट. एफ/१६ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे २१ मायक्रॉन पसरतो, म्हणजे कित्येक पिक्सेल व्यापतो, आणि खिडक्या मऊ होतात. फोकस लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचे थेट दृश्य) मोठा करून दूरच्या दिव्यावर हाताने करा. रिंग थेट अनंताच्या टोकाला नेऊ नका, बऱ्याच लेन्स त्यापुढेही फिरतात. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ३,६०० ते ४,००० केल्विनच्या आसपास ठेवा. २०१५ मध्ये इथे पांढरे एलईडी लागले तेव्हा मुंबईकरांनी आवाज उठवला होता आणि पुढे पिवळसर प्रकाश परत आणावा लागला. ऑटो व्हाइट बॅलन्स तोच पिवळेपणा फिका करून टाकतो.

कॅमेऱ्याचा स्क्रीन अंधारात फसवतो. कमी उजेडातला फोटोही त्यावर छान दिसतो, म्हणून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा आणि २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली-वर धरून तीन फोटो घ्या. फोटोत आकाशात हिरवट ठिपके आले आणि ते दिव्यांच्या बरोबर समोरासमोर, चित्राच्या मध्याच्या पलीकडे असले, तर दोष यूव्ही फिल्टरचा (लेन्सपुढे लावलेल्या काचेचा). तो काढून ठेवा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. ते प्रत्येक फोटोनंतर तितक्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो घेते, आणि निळ्या वेळेतली निम्मी मिनिटे त्यात जातात.

वाऱ्यासाठी ट्रायपॉडचा मधला दांडा खाली ठेवा, लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) बंद करा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. एसी गाडीतून थेट बाहेर आलात तर थंड काचेवर दव साचते. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअर मारा, मग किंचित ओलसर कापड फिरवा. आणि टेट्रापॉडवर उतरू नका. शेवाळाने ते निसरडे असतात आणि पावसाळ्यात उधाणाच्या लाटा कठडाही ओलांडतात.

मोबाइलचा नाइट मोड अनेक छोटे फोटो एकावर एक जुळवतो. इमारती जागच्या हलत नाहीत म्हणून त्या स्वच्छ येतात. लाटा प्रत्येक फोटोत वेगळ्या असल्याने पाणी लेपासारखे दिसते. फोन ट्रायपॉडवर लावला तर काही मॉडेल स्वतःहून ३० सेकंदांपर्यंतचे एक्स्पोजर देतात. हातात धरून ते मिळत नाही.